पट्टा किती ताणायचा

गाडीच्या इंजिनात एक पट्टा असतो हे निम्म्या गाडीवाल्यांना तो तुटेपर्यंत ठाऊकच नसतं. त्यात त्यांची चूक नाही म्हणा. आपलं यकृत कुठल्या बाजूला आहे हे तरी आपल्याला ते दुखल्याशिवाय कुठे कळतं?

इंजिनाच्या पुढच्या अंगाला, रेडिएटरच्या पंख्यामागे, तीन पुल्यांवरून हा काळा रबरी पट्टा फिरतो. खालची पुली इंजिन फिरवतं, आणि पट्ट्याच्या ओढीने वरच्या दोन फिरतात. एक इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाची, दुसरी बॅटरी भरणाऱ्या डायनमोची. पट्टा सैल पडला की सकाळी गाडी सुरू करताना अशी किंचाळते की गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात. बॅटरी भरत नाही, इंजिन तापतं. आणि फार ताणला तर? तर काहीच आवाज येत नाही. मालक खूश, मिस्त्री खूश, आणि आत पंपाचं नाहीतर डायनमोचं बेअरिंग बिचारं निमूटपणे झिजत असतं. सैल पट्टा निदान बोंब तरी मारतो. संसाराचंही असंच असतं, असं कुणी या ठिकाणी म्हटलं असतं. पण आपल्या गोष्टीतला मिस्त्री असलं काही म्हणणाऱ्यातला नव्हता, आणि खरं सांगायचं तर सगळी अडचण तिथेच होती.

मिस्त्रीचं गॅरेज एका अरुंद रस्त्याच्या टोकाला. वर पत्रा, खाली तेलाने काळीभोर झालेली फरशी, मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. प्रत्येक पान्यामागे भिंतीवर त्याचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबून दिसावं. ही कल्पना बायकोची. गॅरेजच्या कडेने लोखंडी जिना वर जायचा, आणि वर दोन खोल्यांचं घर. सकाळी खाली उतरलं की दुकान, संध्याकाळी वर चढलं की घर. त्या जिन्यापलीकडे मिस्त्रीचं फारसं जग नव्हतं आणि त्याला ते हवंही नव्हतं.

आता पट्टा बदलायचा कसा, तर ऐका. डायनमो एका बाजूला बोल्टवर झुलत असतो आणि दुसऱ्या बाजूला खाच पाडलेल्या लोखंडी कांबीत सरकतो. दोन्ही बोल्ट ढिले करायचे, डायनमो आत ढकलायचा, जुना पट्टा काढून नवा चढवायचा. मग इंजिन आणि डायनमो यांच्या फटीत पहार घालून डायनमो बाहेर रेटायचा, की पट्टा ताणला जातो. आणि तो ताणून धरलेला असतानाच कुणीतरी खाचेतला बोल्ट आवळायचा. हे 'कुणीतरी' महत्त्वाचं. एकट्या माणसालाही जमतं, नाही असं नाही, पण त्याला तीन हात असले तर बरं.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मिस्त्रीचा मदतनीस दुसरीकडे कामाला गेला. त्याच आठवड्यात एका गाडीचा पट्टा बदलताना मिस्त्री पहार घालून वाकला होता आणि बोल्टापर्यंत हात पोचत नव्हता. तेवढ्यात नवी बायको जेवण गार होतंय हे सांगायला खाली आली.

"अगं, तो पाना घे जरा."

"कुठला?"

"तो काय समोर!"

"समोर पन्नास पाने आहेत. नाव-गाव सांगाल का?"

तिने बरोबर पाना उचलला, बोल्टावर बसवला, आणि मिस्त्री रेटत असताना एकदम म्हणाली, "बस!" असं म्हणाली की मिस्त्री जागच्या जागी थांबला. तिने बोल्ट आवळला. मिस्त्रीने पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबून पाहिला. बोटभर दबला, ना कमी ना जास्त. मिस्त्रीने मान वर करून बायकोकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत होती.

"तुला कसं कळलं?"

"जेवायला चला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती खालीच. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणायची. काकूंनी कधी कार्ब्युरेटर उघडला नाही, गिअरबॉक्सला हात लावला नाही, पण पट्ट्याचं काम त्यांच्याशिवाय होत नसे. मिस्त्रीने रेटायचं, काकूंनी 'बस' म्हणायचं आणि आवळायचं. नवा पट्टा पहिल्यांदा थोडा सैल पडतोच, म्हणून चार दिवसांनी गाडी परत आणायला सांगायची आणि पुन्हा ताणायचा, तेव्हाही तसंच. एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "इथे मेकॅनिक कोण?" तेव्हा काकू म्हणाल्या, "ताणणारे हे, थांबवणारी मी. कोण हवंय?"

आणि भांडणं म्हणाल तर भरपूर. दोघंही हट्टी. अबोला धरला की दिवस दिवस चालायचा. वर चहाचा कप टेबलावर आपटून ठेवला जायचा, खाली निरोप गिऱ्हाइकांमार्फत जायचे. "त्यांना सांगा, डिझेलचा डबा कुठे ठेवलाय ते त्यांना माहीत आहे." पण तशा अबोल्यातसुद्धा पट्ट्याची गाडी आली की पहार फटीत जायची, पाना बोल्टावर बसायचा आणि थोड्या वेळाने ऐकू यायचं, "बस." तेवढा एक शब्द अबोल्यातून वगळलेला होता. पुष्कळदा अबोला त्यावरच मोडायचा, कारण लगेच मिस्त्री म्हणायचा, "झालं?" आणि काकू म्हणायच्या, "झालं." एकदा बोलणं सुरू झालं की मग ते बंद करणं दोघांनाही अवघड जायचं.

मग लेक मोठी झाली, शिकली, लांबच्या शहरात नोकरीला लागली, तिथेच लग्न केलं. तिला दिवस गेले आणि काकू तिच्याकडे गेल्या. एक-दोन महिन्यांसाठी, असं ठरलं होतं. जाताना जिन्यावरून सूचना चालूच होत्या: वरच्या खिडकीची कडी नीट लागत नाही, दूध उकळताना बाजूला जाऊ नका, आणि पाना वापरला की जागेवर ठेवा.

"अगं जा आता, गाडी सुटेल," मिस्त्री म्हणाला. तेव्हा तो हसत होता.

बाळ झालं. मुलगी. गोरी की सावळी, कुणासारखी, यावर फोनवर बराच खल झाला. एक महिना गेला, दोन गेले. लेकीची रजा संपली, जावयाची बदली रात्रपाळीवर झाली, बाळाला सांभाळणारी बाई मिळेना, मिळाली ती टिकेना. तेव्हा मिस्त्रीने फोनवर एकदाच विचारलं, "मग कधी येतेस?" फोन नेमका लेकीच्या हातात होता. ती रडायलाच लागली. "बाबा, आई आहे म्हणून मी उभी आहे हो." झालं. त्यानंतर मिस्त्रीच्या तोंडून तो प्रश्न पुन्हा निघाला नाही.

तसाही तो मागणाऱ्यातला नव्हताच. लहानपणी मामाकडे वाढलेला. मामा चांगला, मामीही वाईट नव्हती, पण घरात खाणारी तोंडं फार. मामी ताटाकडे बघून विचारायची, "पोट भरलं?" आणि उत्तर ठरलेलं: "भरलं." ते उत्तर त्याच्या अंगात इतकं मुरलं की पुढे कुणी काहीही विचारलं तरी तो तेच द्यायचा, फक्त शब्द बदलून.

रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा.

"कसं चाललंय?"

"झकास."

"जेवलात?"

"हो तर! मस्तपैकी."

"काम?"

"काम काय, धडाक्यात चालू आहे. तू इकडची काळजी करू नकोस."

फोन ठेवला की मस्तपैकी म्हणजे काय ते बघायला मिळायचं. उकडलेली दोन अंडी आणि पाव. तेही उभ्याने, मोरीजवळ, म्हणजे ताट घासायला नको. टेबलाशी तो बसायचाच नाही. समोरची खुर्ची रिकामी दिसायची. घर खायला उठणं म्हणतात ना, ते मिस्त्रीला त्या वर्षी कळलं. अंथरुणावर तो अजून आपल्याच बाजूला झोपायचा, भिंतीला चिकटून, आणि पलीकडची उशी सकाळी जशीच्या तशी असायची. खाली गॅरेजात गाडीखाली उताणा पडलेला असताना सवयीने हाक मारायचा, "अगं, तो बॅटरीचा दिवा इकडे दे." मग स्वतःच बाहेर सरकून दिवा घ्यायचा. तिचा कामाचा जुना कोट दाराआड टांगलेला होता, ग्रीसने कडक झालेला. धुवायला पाहिजे, असं तो रोज म्हणायचा आणि धूत नव्हता. त्याला तिची आठवण यायची. आठवण यायची म्हणणंही बरोबर नाही, कारण यायला ती आधी जायला तर हवी.

आणि पट्टे? पट्टे तो एकटाच बसवायचा. पहारीला कंबर टेकवून रेटायचं, एका हाताने पहार धरायची आणि दुसरा हात लांब करून पान्याने बोल्ट आवळायचा. जमायचं. पण थांबायचं कुठे, हे कळायचं नाही. अंगठा दाबून बघायचा तर त्याला पट्टा सैलच वाटायचा. पुन्हा थोडं रेटायचं. पुन्हा अंगठा. छे, अजून सैल. आणखी थोडं. कान मात्र कशाची तरी वाट बघत असायचे, आणि ते काही ऐकू यायचं नाही, म्हणून तो रेटतच राहायचा. शेवटी दमायचा तेव्हा थांबायचा.

गाड्या परत यायला लागल्या. एकीच्या डायनमोतून बारीक शीळ यायची, एकीच्या पंपाखाली पाण्याचे थेंब दिसायचे. मिस्त्री म्हणायचा, हल्ली माल चांगला येत नाही. गिऱ्हाइकं माना डोलवायची. माल चांगला येत नाही हे कुणालाही, कशाबद्दलही लगेच पटतं.

पटलं नाही ते फक्त भोंग्याला. भोंगा म्हणजे मिस्त्रीचा जुना दोस्त, टॅक्सी चालवायचा. रस्ता मोकळा असला तरी हॉर्न वाजवायचा, म्हणून सगळे त्याला भोंगाच म्हणत, अगदी त्याची बायकोसुद्धा. एका दुपारी दुसऱ्याच्या गाडीला दोराने बांधून त्याची टॅक्सी गॅरेजच्या दाराशी आली. हॉर्न वाजला नाही, तेव्हाच मिस्त्री समजला की काहीतरी बिनसलंय.

भोंगा उतरला तो तोंडाचा पट्टा सोडूनच. "म्हातारा-म्हातारी होती गाडीत. स्टेशनवर सोडायची होती. भर उन्हात, मोकळ्या रस्त्यावर पंप बसला. बॉनेटमधून अशी वाफ की म्हातारी म्हणे, आग लागली, उतरा! त्यांची गाडी चुकली, मिस्त्री. दुसरीकडे कुणीतरी त्यांची वाट बघत असणार. म्हातारा मला एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

"पंप जुना होता," मिस्त्री म्हणाला.

"जुना? तूच बसवलास मागच्या वर्षी! इकडे ये." त्याने बॉनेट वर केलं. "दाब अंगठा."

मिस्त्रीने पट्ट्यावर अंगठा ठेवला. दाबला. पट्टा हलला नाही. दोन अंगठे ठेवून दाबला, तरी जेमतेम. त्याने बोटांनी टिचकी मारली तर पट्टा चक्क वाजला. बेअरिंगने अजून किती दम धरायचा?

"हा मीच बसवला?"

"नाही, माझ्या आजीने बसवला! अरे, अति तिथे माती. किती ताणशील?" भोंगा फरशीवर पालथ्या घातलेल्या डब्यावर बसला. त्याचा राग उतरत होता, तो राग कधी फार वेळ टिकायचा नाही. "एक सांगू? तुझी बायको तिकडे, आणि तू आमच्या गाड्यांवर सूड उगवतोयस. वड्याचं तेल वांग्यावर. वहिनीला बोलावून घे."

"कशाला? सगळं ठीक आहे. बाळ लहान आहे. लेकीची ओढाताण होते."

"आणि तुझी?"

मिस्त्रीने पंपाचे बोल्ट काढायला घेतले.

"लेका, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," भोंगा म्हणाला. "तू तर वर ढेकर देऊन दाखवतोस."

मिस्त्रीने पंप काढला. शाफ्टला हात लावून हलवला तर तो दातासारखा डुगडुगत होता. तो पंप हातात घेऊन मिस्त्री बराच वेळ उभा राहिला. काकू होत्या तोवर, इतक्या वर्षांत, त्याच्या हातून पट्ट्याच्या पायी एकही पंप गेला नव्हता. त्याला लाज वाटली, खूप लाज वाटली, आणि त्याहून जास्त एकटं वाटलं. नवा पंप मागच्या फळीवर होता. तो बसवला, पाण्याच्या नळ्या जोडल्या, नवा पट्टा चढवला. पहार फटीत घातली. आणि थांबला.

"काय झालं?" भोंग्याने विचारलं.

मिस्त्रीने पहार तशीच फटीत सोडली. हात चिंधीला पुसले, खिशातून फोन काढला, आवाज मोठा केला आणि बॅटरीवर उभा करून ठेवला. पलीकडे घंटी वाजत होती. मिस्त्रीने आपणहून, तेही संध्याकाळ व्हायच्या आत, कधी फोन केला नव्हता, त्यामुळे काकूंनी उचलला तो घाबरूनच.

"अहो, काय झालं? बरे आहात ना?"

"मी झकास. ऐक ना. भोंग्याची गाडी आहे. पट्टा ताणायचाय. मी रेटतो, तू 'बस' म्हण."

"काय म्हणू?"

"बस म्हण. नेहमीसारखं. तू बस म्हटलंस की मी थांबतो. एक हात मोकळा आहे, आवळतो मीच."

"अहो, वेड लागलंय का? मी इथून कशी बस म्हणू? मला काय दिसतंय?"

"बघायचं कशाला? पट्ट्याचा आवाज येईल की. करकरतो थोडा. तुला कळतं ते. मला नाही कळत, तुला बरोबर कळतं. मी फोन अगदी पट्ट्याजवळ धरतो. भोंग्या, धर रे."

भोंगा उठला, फोन उचलून पट्ट्याजवळ नेला. मिस्त्रीने कंबर लावली. पट्टा करकरला. फोनमधून काकूंचं हसू आलं. खुदकन, आवरलेलं, पण आलं.

"थांबा, थांबा. अहो, मी कधी पट्ट्याकडे बघितलंच नाही."

मिस्त्री पहारीवर तसाच वाकलेला. "म्हणजे?"

"पट्ट्यात काय बघायचंय? काळा असतो. मी तुमच्याकडे बघायची. तुम्ही जोर लावलात की उजव्या कानशिलाजवळची शीर फुगते तुमची. ती टम्म झाली की मी बस म्हणायची. पट्ट्याचं मला काही कळत नाही बाई. पहिल्या दिवशी तर मी घाबरूनच ओरडले होते, म्हटलं, हा माणूस आता चक्कर येऊन पडतोय. पुढे बघितलं, तुम्ही अंगठा दाबून खूश. मग म्हटलं, चालू दे."

भोंग्याने मिस्त्रीच्या कानशिलाकडे वाकून पाहिलं. "खरंच आहे की रे!"

मिस्त्रीने त्याला कोपराने ढकललं. त्याला हसायला येत होतं. इतकी वर्षं त्याला वाटायचं, दोघं मिळून पट्ट्याकडे बघतोय. त्याने पहार सैल सोडली.

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"विचारलं होतं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"तेव्हा जेवण गार होत होतं."

पलीकडे बाळ काहीतरी बडबडत होतं, आणि एखादं भांडं जमिनीवर आपटत होतं. मिस्त्री ऐकत राहिला. मग, जणू इतकी सोपी गोष्ट आधी सुचलीच नव्हती अशा थाटात म्हणाला, "मग येऊनच जा ना तू. गाड्या अडल्यात इथे. भोंग्याचा पंप गेला. आणखीही गेलेत दोन-तीन. पट्टे जास्त ताणले जातायत माझ्याकडून. गिऱ्हाईक तुटेल अशानं. चार दिवस आलीस तरी..."

"गाड्या अडल्यात," काकू म्हणाल्या.

त्यांचा आवाज बदललेला होता. मिस्त्रीला तो ओळखीचा होता. कप टेबलावर आपटण्याआधीचा.

"वर्ष होत आलं. मी रोज फोन करते. रोज विचारते, कसं चाललंय? तुम्ही म्हणता, झकास. जेवलात? मस्तपैकी. मी विचारते, काही हवंय का? तुम्ही म्हणता, काही नको. अहो, ज्याचं सगळं झकास चाललंय त्याच्याकडे कुणी का यायचं? फोन ठेवला की मी त्या बाल्कनीत जाऊन उभी राहते. लेक विचारते, आई, काय झालं? मी म्हणते, काही नाही. तिला काय सांगू, तुझ्या बापाचं माझ्यावाचून काही अडत नाही? मी मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं होतं. म्हटलं, संपलं आपलं तिथलं काम. इथे निदान हे पोर हात पुढे करतं, कडेवर घे म्हणून. आणि आज तुम्ही बोलावताय ते कशासाठी, तर पट्ट्यासाठी!"

"तसं नाही गं..."

"मग कसं? नीट सांगा. गाड्यांचं अडलंय की तुमचं?"

मिस्त्रीने भोंग्याकडे पाहिलं. भोंगा हातात फोन धरून उभा, ना खाली ठेवता येत, ना कानावर हात ठेवता येत. शेवटी त्याने तो मिस्त्रीच्या हातात दिला आणि बाहेर रस्त्यावर जाऊन कारण नसताना टायर लाथाडून बघू लागला.

फोनवर मिस्त्रीचे काळे ठसे उमटले. बोलायचं काय, हे त्याला माहीत होतं. रोज संध्याकाळी ते ओठापर्यंत येत होतं. पण मामीच्या घरात शिकलेलं ते एक उत्तर असं आडवं बसलेलं होतं, की त्याला ओलांडून दुसरा शब्द बाहेर येईना. ठीक आहे म्हणावं आणि ठेवावा, असंही एकदा मनात येऊन गेलं. ठेवला असता तर ती परत कधी विचारणार नाही, हेही त्याला कळत होतं. त्याने दाराआडच्या त्या ग्रीसने कडक झालेल्या कोटाकडे पाठ केली.

"अहो? आहात का?"

"आहे."

"मग बोला."

"पट्ट्याचं मी करीन काहीतरी," मिस्त्री म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "समोर आरसा लावीन. भोंग्याला उभा करीन. पट्ट्याचं काही नाही. मलाच करमत नाही गं. अजिबात करमत नाही. मी जेवत नाही धड. झोप येत नाही. दिवसातून दहादा तुला हाक मारतो. झकास वगैरे काही नाहीये, सगळं खोटं सांगत होतो. तू ये. बाळाला घेऊन ये, लेकीला घेऊन ये, नाहीतर मला तिकडे ये म्हण, मी कुलूप घालून येतो. पण असं नको आता. मला होत नाही."

पलीकडून काही ऐकू येईना. बाळाचं भांडंसुद्धा थांबलं होतं. फोन कट झाला असं वाटून मिस्त्रीने तो कानापासून दूर धरून पाहिला, तर चालू होता. पुन्हा कानाला लावला. काकूंचा श्वास ऐकू येत होता, सर्दी झाल्यासारखा, ओढत घेतलेला. त्या काही बोलणार म्हणून तो वाट बघत राहिला. पण त्या त्याच्याशी बोलल्याच नाहीत. फोन तोंडापासून लांब गेला असावा, कारण त्यांचा आवाज एकदम दुसरीकडे वळला आणि आतल्या खोलीच्या दिशेने मोठ्याने आला:

"अगं ए! माझी बॅग कुठे ठेवलीस गं? काढ बघू खाली."